वाचक विचारतात: कोर्सची फी, भिंतीवरची मान्यता आणि नोकरीची हमी

या वेळी आलेली बरीच पत्रं एकाच विषयाची आहेत, ठाणे-नवी मुंबईतले खासगी करिअर कोर्स. एअरपोर्ट, नर्सिंग, आयटी, मर्चंट नेव्ही, सगळंच आहे त्यात. म्हणून सगळी जागा त्यालाच दिलीये. वाचकांची नावं छापत नाही आणि संस्थांचीही नाही, कारण नुसत्या पत्रावरून शहानिशा होत नाही.

प्रश्न: ताई नमस्कार, मी घणसोलीला राहते. मुलगी बारावी कॉमर्स झाली. वाशी स्टेशनजवळच्या एका इन्स्टिट्यूटमध्ये चौकशीला गेलो होतो, एअरपोर्ट मॅनेजमेंट आणि केबिन क्रू असा ११ महिन्यांचा कोर्स, फी १ लाख ४० हजार. ते म्हणाले नवीन एअरपोर्ट चालू झालाय, माणसं लागणारच, आमचं १०० टक्के प्लेसमेंट आहे. भिंतीवर गव्हर्नमेंट रजिस्टर्ड आणि आयएसओ असं मोठं लिहिलंय. आजच बुकिंग केलं तर २० हजार सूट. मिस्टर म्हणतात भरून टाकू. काय करू?

उत्तर: आज भरू नका. घाईघाईत पैसे काढून घेण्यासाठीच ती आजच्यापुरती सूट असते. आठवड्याने परत जा, मिस्टरांनाही घेऊन जा, आणि जाताना प्रश्न लिहून न्या.

पहिला प्रश्न, गव्हर्नमेंट रजिस्टर्ड म्हणजे नक्की कुठे रजिस्टर्ड? कागद मागा आणि स्वतः वाचा. बहुतेक वेळा तो गुमास्ता निघतो, म्हणजे दुकाने आणि आस्थापना कायद्याखालची नोंदणी, जी कुठल्याही दुकानाची असते, नाहीतर उद्यमचं सर्टिफिकेट, म्हणजे छोट्या उद्योगाची नोंदणी, नाहीतर कंपनी किंवा ट्रस्टची नोंदणी, नाहीतर जीएसटी नंबर. हे सगळे कागद खरेच सरकारी असतात, पण आत काय शिकवतात, कोण शिकवतं, शेवटी जे सर्टिफिकेट मिळेल त्याला बाहेर कोण विचारतं, याबद्दल त्यातला एकही कागद काहीच सांगत नाही. आयएसओ ९००१ तर सरकारचं नसतंच, ते खासगी सर्टिफिकेशन कंपन्या देतात आणि तेही ऑफिसच्या कामाच्या पद्धतीबद्दल असतं, शिक्षणाच्या दर्जाबद्दल नाही.

दुसरा प्रश्न, सर्टिफिकेटवर सही कोणाची असणार? संस्थेच्या डायरेक्टरची स्वतःची सही असेल तर ते त्या संस्थेचं घरचं सर्टिफिकेट झालं. महाराष्ट्रात खासगी संस्थांच्या अशा कोर्सना मान्यता देणारं महाराष्ट्र राज्य कौशल्य, व्यवसाय शिक्षण आणि प्रशिक्षण मंडळ आहे, तिथे परीक्षा मंडळ घेतं आणि सर्टिफिकेटवर मंडळाचं नाव असतं. केंद्रात एनसीव्हीईटी, म्हणजे व्यवसाय शिक्षणाची राष्ट्रीय परिषद आहे, २०१८ च्या डिसेंबरात स्थापन झालेली, २०२० च्या ऑगस्टपासून कामाला लागलेली. ती सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थांना मान्यता देते, आणि मान्य कोर्सेसची एक राष्ट्रीय यादी आहे, नॅशनल क्वालिफिकेशन रजिस्टर, ती नेटवर कोणालाही बघता येते. त्या कोर्सचं नाव आणि कोड मागा आणि घरी येऊन तपासा, कोड देता आला नाही तर तुमचं उत्तर तिथेच मिळालं. मान्यतेबद्दल शंकाच असेल तर राज्य मंडळाकडे माहिती अधिकारात अर्ज टाका, १० रुपये फी, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

आता एअरपोर्टचं. नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला झालं आणि २५ डिसेंबरपासून विमानं उडायला लागली, त्यामुळे कामं निघणार हे खरं आहे, ते नाकारायचं कारण नाही. पण केबिन क्रूचं खरं ट्रेनिंग एअरलाइन निवड झाल्यावर स्वतः देते, डीजीसीएने, म्हणजे केंद्राच्या विमान वाहतूक नियामकाने, मान्य केलेल्या पद्धतीने, आणि आधी बाहेरून केलेल्या कोर्समुळे ते ट्रेनिंग माफ होत नाही. ग्राउंडच्या कामांचंही तसंच, आत जायला जो एअरपोर्ट एन्ट्री पास लागतो तो बीसीएएसच्या, म्हणजे विमानतळ सुरक्षा बघणाऱ्या केंद्रीय ब्युरोच्या, नियमांप्रमाणे नोकरी देणाऱ्या कंपनीमार्फत मिळतो. कुठलाही क्लास तो पास देऊ शकत नाही, देतो म्हणाला तर सरळ बाहेर पडा. कोर्समधून इंग्रजी, बोलण्याची सवय, इंटरव्ह्यूची तयारी एवढं मिळू शकतं, आणि ते मिळतंही काही ठिकाणी, फक्त त्याची किंमत १ लाख ४० हजार आहे का हे तुम्ही ठरवा. एअरलाइन आणि ग्राउंड हँडलिंग कंपन्यांच्या साइटवर बारावी झालेल्यांच्या भरत्या येत असतात, मुलीला आधी तिथे थेट अर्ज करू दे.

आणि १०० टक्के प्लेसमेंट. भिंतीवरचे फोटो बघू नका, एक सरळ हिशोब मागा: मागच्या बॅचला किती जणांनी प्रवेश घेतला, त्यातल्या किती जणांनी कोर्स पूर्ण केला, किती जण आज कुठल्या कंपनीत कुठल्या पदावर आहेत, हातात पगार किती. लेखी मागा. असं होतं की ५० जण घेतात, २० गळतात, उरलेल्यांपैकी १० जणांनाच प्लेसमेंटला पात्र ठरवतात आणि त्या १० च्या १० जणांना कुठेतरी मॉलच्या काउंटरला लावलं की झालं १०० टक्के. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने १३ नोव्हेंबर २०२४ ला कोचिंगच्या जाहिरातींसाठी मार्गदर्शक सूचना काढल्यात, त्यात निवडीचे खोटे आकडे आणि नोकरीची हमी यांना मनाई आहे आणि कोचिंगची व्याख्याही बरीच रुंद आहे, ५० पेक्षा जास्त विद्यार्थी असलेल्या संस्था त्यात येतात. ग्राहक कायद्यात फसव्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत दंड आहे, परत केली तर ५० लाखांपर्यंत. तेव्हा ते पोस्टर, ते व्हॉट्सअॅप मेसेज, सगळ्याचे स्क्रीनशॉट आत्ताच काढून ठेवा.

प्रश्न: मॅडम, मी कळव्याची. दहावीनंतर एका ठिकाणी १ वर्षाचा नर्सिंग डिप्लोमा केला, ६५ हजार फी. आता हॉस्पिटलमध्ये गेले की रजिस्ट्रेशन नंबर विचारतात. क्लासवाले म्हणतात नंबर लागत नाही, अनुभव घे. माझं वर्ष वाया गेलं का?

उत्तर: तू काही चुकीचं केलेलं नाहीस, तुला चुकीचं सांगितलं गेलं.

नर्स म्हणून काम करायला महाराष्ट्र नर्सिंग काउन्सिलची नोंदणी लागते, आणि ती एएनएम, जीएनएम किंवा बीएस्सी नर्सिंग अशा मान्य कोर्सनंतरच होते. एएनएम २ वर्षांचा, जीएनएम ३, बीएस्सी ४ वर्षांचा. दहावीनंतर १ वर्षात नर्स असा रस्ताच नाहीये, तरीपण कळवा-मुंब्रा-दिव्याच्या रिक्षांमागे असल्या जाहिराती चिकटवलेल्या दिसतात आणि त्या वाचून ज्या मुली येतात त्यांच्या घरात हे सांगणारं कोणी नसतं, याचा मला मनापासून राग येतो.

तुझ्या कोर्समध्ये बीपी घेणं, बेड बनवणं, पेशंटला उचलणं-बसवणं शिकवलं असेल तर ते शिक्षण खोटं नाही, त्याला जनरल ड्युटी असिस्टंट म्हणतात आणि हा राष्ट्रीय कौशल्य आराखड्यात बसणारा कोर्स आहे. मान्य केंद्रातून त्याचं असेसमेंट देऊन रीतसर सर्टिफिकेट घेता येईल का ते बघ, पेशंट केअरची नोकरी त्यावर मिळू शकते. नर्सच व्हायचं असेल तर बारावी पूर्ण कर आणि काउन्सिलच्या साइटवरच्या यादीतल्याच कॉलेजला अर्ज कर. लॅब टेक्निशियनच्या कोर्सचं विचारणाऱ्या मैत्रिणी असतील तर त्यांना सांग, तिथे पॅरामेडिकल काउन्सिल आहे, तोच नियम.

६५ हजारांच्या पावत्या आहेत का? ज्या जाहिरातीत नर्सिंग लिहिलं होतं ती आहे का? मग १९१५ ला फोन कर, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, मराठीत बोलता येतं. मान्यता नसताना आहे असं भासवून प्रवेश देणं ही सेवेतली त्रुटी आहे हे सुप्रीम कोर्टाने २००९ मध्ये बुद्धिस्ट मिशन डेंटल कॉलेजच्या प्रकरणात सांगितलंय, तिथल्या विद्यार्थ्यांना भरपाईही मिळाली होती.

प्रश्न: घोडबंदर रोडला राहतो. डेटा अॅनालिटिक्सचा कोर्स घेतला, फी १ लाख ८० हजार, त्यांनीच मोबाइलवर ५ मिनिटांत लोन करून दिलं. ३ महिन्यांनी शिकवणारे सर सोडून गेले, आता फक्त जुने व्हिडिओ पाठवतात. हप्ता दर महिन्याला कापला जातोय. हप्ता थांबवू का?

उत्तर: नको, असाच अचानक थांबवू नकोस. लोनचा करार तुझ्या आणि फायनान्स कंपनीच्या मध्ये आहे, क्लास बंद पडला तरी तो करार आपोआप संपत नाही, आणि हप्ते चुकले की सिबिल तुझंच खराब होतं.

आज बसून तीन कागद शोध: क्लासचं अॅडमिशन फॉर्म किंवा अॅग्रीमेंट, फीची पावती, आणि लोनचं की फॅक्ट स्टेटमेंट. हे स्टेटमेंट देणं रिझर्व्ह बँकेच्या नियमाने बंधनकारक आहे, त्यात खरा व्याजदर, चार्जेस, आणि काहीही न विचारता लोन परत करता येण्याचे सुरुवातीचे दिवस लिहिलेले असतात. तुझे ते दिवस गेलेत, पण स्टेटमेंट दिलंच नसेल किंवा ५ मिनिटांत तुला न दाखवता सगळं झालं असेल तर तीच एक तक्रार आहे. फायनान्स कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला ईमेल टाक, ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन जाता येतं, त्यांचा फोन १४४४८.

दुसरीकडे क्लासला लेखी नोटीस दे, की ठरल्याप्रमाणे शिकवणं बंद आहे, उरलेल्या कोर्सचे पैसे परत करा, १५ दिवसांची मुदत. मग जिल्हा ग्राहक आयोग. तू घोडबंदरचा म्हणजे ठाण्याला, नवी मुंबईच्या वाचकांसाठी बेलापूरला कोकण भवनात अतिरिक्त आयोग आहे. २०१९ च्या कायद्यामुळे तू राहतोस तिथे तक्रार करता येते, क्लासचं हेड ऑफिस बंगलोरला असलं तरी. ५ लाखांपर्यंतच्या रकमेला फी नाही, वकील लागत नाही, तक्रार ऑनलाइन करता येते, मुदत २ वर्षं. तक्रारीत फायनान्स कंपनीलाही पक्षकार कर आणि निकाल लागेपर्यंत वसुली थांबवण्याचा अंतरिम आदेश माग, तो अधिकार आयोगाला आहे.

एक गोष्ट आधीच सांगते कारण क्लासचा वकील ती काढणारच. ते म्हणतील आम्ही शिक्षण संस्था, आम्हाला ग्राहक कायदा लागू नाही. जानेवारी २०२० मध्ये राष्ट्रीय ग्राहक आयोगाच्या मोठ्या पीठाने शिक्षण संस्थांना या कायद्याच्या बाहेर ठेवलं, व्यवसाय शिक्षण देणाऱ्या संस्थांनाही, पण कोचिंग क्लासेस म्हणजे शिक्षण संस्था नव्हेत असंही त्याच निकालात म्हटलंय. म्हणून तुझ्या तक्रारीत पहिल्याच परिच्छेदात लिही की या क्लासला कुठल्याही मंडळाची किंवा विद्यापीठाची मान्यता नाही आणि हे कोचिंग आहे.

प्रश्न: मी नौपाड्यात गेली बरीच वर्षं अकाउंटिंग आणि टॅलीचं इन्स्टिट्यूट चालवतो. चार वाईट लोकांमुळे सगळ्यांवर नवे नियम, नवी इन्स्पेक्शन असं तुमच्या सदरातून सारखं मागितलं जातं. इन्स्पेक्शन म्हणजे काय असतं ते आम्हाला विचारा. खोली किती बाय किती, पंखे किती, रजिस्टर आहे का. प्रामाणिक माणूस त्यातच दमतो. तुम्हाला नेमकं काय हवंय?

उत्तर: दादा, तुमचं पत्र आवडलं, आणि तुमचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. खोली मोजून मुलांचं भलं होत नाही. आपल्याकडे मान्यता देताना जागा बघतात, कॉम्प्युटर मोजतात, शिक्षकांची सर्टिफिकेटं बघतात, आणि हे एकदा जमवलं की पुढे त्या वर्गातून बाहेर पडलेल्या मुलांचं काय झालं हे विचारायला कोणी येत नाही. म्हणजे ज्याच्यासाठी मुलगा पैसे भरतो तेवढंच फक्त तपासायचं राहतं. मला जास्त इन्स्पेक्शन नकोय, वेगळी हवीये.

शिवाय देखरेख तुकड्यातुकड्यांत वाटलेली आहे. नर्सिंगला काउन्सिल, जहाजाला डीजी शिपिंग म्हणजे केंद्राचं जहाज वाहतूक महासंचालनालय, विमान दुरुस्तीला डीजीसीए, डिप्लोमा इंजिनिअरिंगला एआयसीटीई आणि एमएसबीटीई, आयटीआयला संचालनालय. आणि डिजिटल मार्केटिंग, अॅनिमेशन, एअरपोर्ट, डेटा सायन्स असले जे कोर्स आज स्टेशनबाहेर सगळ्यात जास्त विकले जातात त्यातले कितीतरी कोणाच्याच अंगणात येत नाहीत, राज्य कौशल्य मंडळाची मान्यता घेतली तर घेतली, नाही घेतली तरी राजरोस चालू. केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये कोचिंग सेंटरसाठी राज्यांना सूचना पाठवल्या, त्यात मधेच सोडलं तर उरलेल्या दिवसांची फी १० दिवसांत परत करा असं चांगलं कलम आहे, पण त्या सूचना आहेत, राज्याने कायद्यात आणल्याशिवाय त्यांना दात नाहीत, आणि त्यांचा रोख शाळा-कॉलेजच्या मुलांवर आणि स्पर्धा परीक्षांवर आहे.

बाहेर कसं करतात ते सांगते. अमेरिकेत खासगी करिअर स्कूलवर देखरेख मुख्यतः राज्यांची असते. कॅलिफोर्नियात २००९ च्या कायद्याने त्यासाठी एक वेगळं ब्युरोच केलं. तिथे प्रवेशाच्या करारावर सही घ्यायच्या आधी विद्यार्थ्याला एक फॅक्ट शीट द्यावी लागते, कोर्स किती जणांनी पूर्ण केला, किती जणांना त्याच क्षेत्रात काम मिळालं, लायसन्सची परीक्षा असेल तर किती पास झाले, पगार किती. नोकरी लागली म्हणजे काय याची व्याख्या कायद्यात आहे, शाळेने स्वतःची लावायची नाही. पहिल्या लेक्चरपर्यंत किंवा प्रवेशानंतर ७ व्या दिवसापर्यंत, यातलं जे नंतर येईल तोवर, प्रवेश रद्द करून पैसे परत मिळतात, आणि ६० टक्के कोर्स होईपर्यंत सोडलं तर उरलेल्या भागाची फी परत. शाळा बुडाली तर विद्यार्थ्यांना भरपाई द्यायला वेगळा निधी आहे.

एवढं असूनही तिथे फसवणूक झाली, आणि ती कशी झाली हे आपल्याला जास्त उपयोगाचं आहे. कोरिंथियन कॉलेजेस नावाची मोठी साखळी एप्रिल २०१५ मध्ये बंद पडली, १६ हजारांच्या आसपास मुलं रस्त्यावर. त्याच महिन्यात त्यांच्या हील्ड कॉलेजला प्लेसमेंटचे खोटे आकडे दिल्याबद्दल अमेरिकेच्या केंद्र सरकारने सुमारे ३ कोटी डॉलरचा दंड सांगितला होता. एक प्रकार असा निघाला की कॉलेजच टेम्परवारी माणसं पुरवणाऱ्या एजन्सींना पैसे द्यायचं, एजन्सी पास झालेल्या मुलांना कॉलेजच्याच आवारात कॉम्प्युटर हलवायला, केबल लावायला घ्यायची आणि ती मुलं नोकरी लागलेली म्हणून मोजली जायची. शेवटी जून २०२२ मध्ये सरकारने ५ लाख ६० हजार जणांची मिळून ५.८ अब्ज डॉलरची कर्जं माफ केली, म्हणजे ती खोट जनतेने भरली. तेव्हा नुसतं आकडे जाहीर करा म्हणून भागत नाही, आकडे दुसऱ्याने तपासायला हवेत.

आपल्याकडे तपासायची सोय खरं तर आहे. पीएफचा यूएएन नंबर असतो, मुलाच्या संमतीने तो मंडळाला दिला की नोकरी कुठे लागली, किती महिने टिकली हे कळतं, संस्थेला विचारायचीही गरज नाही. तुमच्या विद्यार्थ्यांपैकी बरेच जण सीएच्या छोट्या ऑफिसात किंवा दुकानात लागत असतील, २० पेक्षा कमी माणसं असलेल्या जागी पीएफ सहसा नसतो, तर तिथे मंडळाने थोड्या मुलांना निवडून फोन करून विचारावं. हे इन्स्पेक्टरने पंखे मोजण्यापेक्षा स्वस्त आहे. ज्या संस्थेचे आकडे सलग चांगले येतात तिच्याकडे इन्स्पेक्शन क्वचितच जावं, आणि जिथे निम्मी मुलं मधेच सोडतात तिथे लगेच जावं. सगळ्या संस्था, मान्य आणि अमान्य, एका यादीत दिसाव्यात, तक्रारींसकट, म्हणजे घणसोलीच्या या आईला वाशीच्या चकरा माराव्या लागणार नाहीत. आणि पूर्ण फी एकदम घेणं बंद व्हावं, महिन्याची किंवा टप्प्याची फी, म्हणजे सर सोडून गेले तर मुलगाही सोडू शकेल.

यातलं बरंचसं तुम्ही उद्यापासून स्वतः करू शकता. मागच्या दोन-तीन बॅचचा हिशोब, गळती धरून, दारावर लावा आणि हप्त्याने फी घ्या. लोनवाल्यांना दारात उभं करू नका. जी मुलं १०० टक्केच्या पोस्टरकडे जातात त्यातली काही तुमच्याकडे वळतील असं मला वाटतं, आणि कायदा आला तेव्हा तुम्हाला वेगळं काही करावं लागणार नाही.

प्रश्न: नेरुळ. भावाला मर्चंट नेव्हीत जायचंय. बेलापूरला एका ऑफिसमध्ये कोर्स आणि जहाजावर नोकरी दोन्हीचे मिळून साडेचार लाख मागितलेत, अर्धे कॅश. खरं असेल का?

उत्तर: कॅश आणि नोकरीचे पैसे, दोन्ही गोष्टी एकाच वाक्यात आल्या की थांबा. जहाजावर खलाशांची भरती करणाऱ्या कंपनीकडे डीजी शिपिंगचं आरपीएसएल लायसन्स लागतं आणि नोकरी लावण्यासाठी खलाशाकडून पैसे घ्यायला त्यांना नियमाने मनाई आहे. ट्रेनिंग देणारी संस्था वेगळी, तिलाही डीजी शिपिंगची मान्यता लागते, आणि तिथे एक चांगली गोष्ट आहे की या संस्थांची तपासणी होऊन त्यांना ग्रेड मिळते. ऑफिसरच्या बाजूचा डीएनएस, म्हणजे नॉटिकल सायन्सचा डिप्लोमा असेल तर इंडियन मॅरिटाइम युनिव्हर्सिटीची सीईटी द्यावी लागते, खलाशाच्या बाजूचं जीपी रेटिंग असेल तर ६ महिन्यांचा मान्य कोर्स. मान्य संस्था आणि लायसन्सवाल्या कंपन्या, दोन्ही याद्या डीजी शिपिंगच्या साइटवर आहेत, त्या ऑफिसचं नाव दोन्हीकडे शोधा. साइट समजली नाही तर त्यांचं ऑफिस कांजूरमार्गला आहे, नेरुळहून ठाण्याला जाऊन गाडी बदलली की अर्ध्या दिवसाचं काम. पैसे आधीच दिले असतील तर कॅशची पावती आजच मागा, आणि देत नसतील तर बेलापूरच्या पोलिसांकडे लेखी तक्रार करून पोच घ्या.